खेळ न दाखवण्याचा हक्क : अमेरिकी बेसबॉल, दूरचित्रवाणी आणि चाहता

१/
१८ जून २०१४. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर क्लेटन करशॉ या डावखुऱ्या पिचरने कोलोरॅडो रॉकीजच्या एकाही फलंदाजाला हिट मिळू दिली नाही. १५ फलंदाज त्याने स्ट्राइकआउट केले. अशा सामन्याला 'नो-हिटर' म्हणतात आणि ज्या शहरात तो घडतो, ते शहर तो वर्षानुवर्षे आठवत राहते. समालोचनाला होते विन स्कली, १९५० पासून डॉजर्सचा आवाज असलेले. मात्र त्या मोसमात लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ७० टक्के घरांत डॉजर्सचे सामने दिसतच नव्हते. हा सामनाही त्यातलाच.

२/
वीज गेली नव्हती, कॅमेरे बिघडले नव्हते. ज्या घरांत सामना दिसला नाही, त्यांपैकी बहुसंख्य घरे केबलचे किंवा डिशचे मासिक बिल नियमित भरत होती. प्रक्षेपणाचे सर्व हक्क एकाच वाहिनीकडे होते आणि ती वाहिनी त्यांच्या केबल कंपनीकडे नव्हती, एवढेच कारण. ही अवस्था एका रात्रीत आलेली नाही. तिच्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचे निवाडे, कायदे आणि करार आहेत. त्यांचा हा आढावा.

३/
प्रथम व्यवहार समजून घ्यावा. वाहिनी संघाकडून प्रक्षेपणाचा एकाधिकार विकत घेते, तेव्हा ती दोन वस्तूंचे पैसे मोजते. पहिली, सामना दाखवण्याची परवानगी. दुसरी, इतर कोणीही तो दाखवणार नाही याची हमी. या दुसऱ्या हमीपोटी ठरावीक प्रदेशातील पडदे मुद्दाम काळे ठेवले जातात. त्यालाच 'ब्लॅकआउट' म्हणतात. कराराच्या रकमेचा मोठा भाग या हमीचा असतो. ती हमी संघ आपल्या बळावर देऊ शकत नाही. तिच्यामागे राज्यसंस्था उभी असावी लागते.

४/
५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए या रेडिओ केंद्राने फोर्ब्स फील्डवरून मेजर लीगचा पहिला सामना प्रसारित केला. समालोचक होते हॅरॉल्ड आर्लिन. संघमालकांपुढे लगेच प्रश्न उभा राहिला : घरबसल्या फुकट ऐकायला मिळाले, तर तिकीट कोण काढणार? न्यूयॉर्कच्या यँकीज, जायंट्स आणि डॉजर्स या तिन्ही संघांनी १९३४ पासून पाच वर्षे रेडिओला मैदानाबाहेर ठेवण्याचा आपसांत करार केला. १९३९ मध्ये डॉजर्सचे लॅरी मॅकफेल यांनी तो पुढे चालवण्यास नकार दिला आणि सिनसिनाटीहून रेड बार्बर हा समालोचक आणला.

५/
शिकागोत याच्या नेमके उलट घडले. कब्ज संघाचे मालक विल्यम रिग्ली यांनी १९२० च्या दशकात रेडिओ केंद्रांना मैदान खुले केले. एकच सामना एकाच वेळी अनेक केंद्रांवरून ऐकू येत असे. कोणाचाही एकाधिकार नव्हता. मैदान ओस पडेल ही भीती खरी ठरली नाही. १९२७ मध्ये एका मोसमात दहा लाख प्रेक्षक खेचणारा कब्ज हा नॅशनल लीगमधील पहिला संघ ठरला. रेडिओने घराघरांत, विशेषतः दिवसा घरी असणाऱ्या स्त्रियांमध्ये, नवा चाहतावर्ग घडवला होता.

६/
आता न्यायालयांकडे वळू. १९२२ मध्ये बाल्टिमोरच्या एका संघाचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी एकमताचा निवाडा लिहिला : बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्यांना लागू होत नाही. संघ रेल्वेने राज्याराज्यांतून फिरतात, ही केवळ आनुषंगिक बाब मानली गेली. १९५३ आणि १९७२ मध्ये या सवलतीला पुन्हा आव्हान मिळाले. दोन्ही वेळा न्यायालयाने, बदल करायचा तर काँग्रेसने करावा, असे म्हणून ती कायम ठेवली.

७/
दुसरा महत्त्वाचा निवाडा १९३८ चा. पिट्सबर्गच्या संघाने प्रसारणाचे हक्क विकलेले होते. केक्यूव्ही या दुसऱ्या केंद्राने एक युक्ती काढली. मैदानाच्या भिंतीबाहेर उंच जागी माणसे बसवली आणि त्यांना जे दिसे त्यावरून सामन्याचे वर्णन प्रसारित केले. संघ न्यायालयात गेला. न्यायालय म्हणाले, सामना संघाने खर्च करून घडवलेला आहे, त्यामुळे त्याच्या ताज्या वृत्तावर काही काळ संघाचाच मालकी हक्क आहे. भिंतीवरून दिसणारे दृश्यही मालमत्ता ठरले. पुढील सर्व करारांचा पाया येथे घातला गेला.

८/
२६ ऑगस्ट १९३९ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवरून मेजर लीगचे सामने प्रथमच दूरचित्रवाणीवर दिसले. १९४७ मध्ये वर्ल्ड सीरीजही पडद्यावर आली. मालकांची जुनी भीती पुन्हा जागी झाली आणि या वेळी तिला आधार मिळाला. बोस्टन ब्रेव्हजचे प्रेक्षक १९४८ मधील साडेचौदा लाखांवरून १९५२ मध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास घसरले. संघाची कामगिरीही खालावली होती, पण मालक लू पेरिनी यांनी बोट दाखवले ते दूरचित्रवाणीकडे. संघ मिल्वॉकीला गेला आणि तेथील मैदानाची दारे त्यांनी कॅमेऱ्यांना बंद केली.

९/
१९५३ मध्ये एबीसीने 'गेम ऑफ द वीक' सुरू केला. डिझी डीन हा माजी पिचर आपल्या रांगड्या भाषेत त्याचे समालोचन करी. गावोगावी तो लोकप्रिय झाला. मात्र ज्या शहरांत मेजर लीगचे संघ होते, तेथे तो दाखवण्यास मनाई होती. त्या काळी या बंदीचा हेतू सरळ होता : मैदानावरची तिकीटविक्री राखणे. हा हेतू ध्यानात ठेवावा. पुढे बंदी टिकली, पण हेतू पार बदलला.

१०/
३० सप्टेंबर १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी 'स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग ॲक्ट'वर सही केली. एका लीगमधील सर्व संघांना आपले प्रक्षेपण हक्क एकत्र करून विकण्याची मुभा या कायद्याने दिली. एरवी स्पर्धकांनी असे एकत्र येऊन विक्री करणे बेकायदा ठरले असते. फुटबॉल लीगसाठी धावपळीने झालेला हा कायदा बेसबॉललाही लागू होता. त्यातील शब्द होते 'प्रायोजित प्रक्षेपण', म्हणजे जाहिरातींवर चालणारे, प्रेक्षकाला फुकट दिसणारे. सार्वजनिक सवलतीच्या बदल्यात सार्वजनिक प्रक्षेपण, असा हा सौदा होता.

११/
लोकांची अपेक्षाही तीच होती. जुलै १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात 'सबस्क्रिप्शन टेलिव्हिजन' या कंपनीने पैसे भरून डॉजर्स आणि जायंट्सचे सामने पाहण्याची सोय केली. चार महिन्यांत, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी सशुल्क दूरचित्रवाणीवर बंदी घालणारा प्रस्ताव मंजूर केला. प्रचाराचा पैसा बव्हंशी चित्रपटगृहांच्या मालकांचा होता, हे खरे. १९६६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द केली, पण तोवर कंपनी मोडीत निघाली होती.

१२/
केंद्रीय दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, मोफत वाहिन्यांवरचा खेळ सशुल्क केबलने ओढून नेऊ नये म्हणून नियम केले होते. १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तेही रद्द केले. त्याच सुमारास टेड टर्नर यांनी अटलांटातील आपली वाहिनी उपग्रहावर चढवली. शिकागोची डब्ल्यूजीएनही त्याच वाटेने गेली. जेथे कोणताही संघ नव्हता, अशा छोट्या गावांत ब्रेव्हज आणि कब्जचे भक्त तयार झाले. केबलचे हे देणे नाकारता येणार नाही.

१३/
मग आकडे फुगले. १९९० ते १९९३ या चार वर्षांसाठी सीबीएसने एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजून राष्ट्रीय हक्क घेतले, पण साखळी सामने मोजकेच दाखवले. १९५७ पासून एनबीसीवर चालत आलेला शनिवारचा मोफत सामना १९८९ बरोबर संपला. १९९५ मध्ये तर लीगच्याच 'बेसबॉल नेटवर्क'ने उपांत्य मालिकांचे सामने एकाच वेळी ठेवून प्रदेशवार वाटले. दुसरी मालिका पाहण्याची सोय देशातील कोणत्याही प्रेक्षकाला नव्हती.

१४/
या काळात खरा पैसा स्थानिक क्रीडा वाहिन्यांत आला. त्यांचे गणित असे. वाहिनी केबल कंपनीकडून प्रत्येक घरामागे महिन्याला काही डॉलर मागते. कंपनी ती रक्कम सर्व ग्राहकांच्या बिलात मिळवते, मग ग्राहक बेसबॉल पाहो वा न पाहो. खेळाशी देणेघेणे नसलेले शेजारी चाहत्याचा खर्च उचलत राहतात. कंपनीने दर नाकारला, तर वाहिनी बंद. चाहत्याला दुसरी वाट नाही, हेच या वाटाघाटीतले हत्यार असते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. येथे तिसऱ्यालाच शिक्षा होते.

१५/
न्यूयॉर्कने ती २००२ मध्ये भोगली. यँकीजने स्वतःची 'येस' वाहिनी काढली. केबलव्हिजन कंपनीने तिचा दर आणि अटी नाकारल्या. सुमारे ३० लाख घरांना पूर्ण मोसम त्या वाहिनीवरचे सामने दिसले नाहीत. तडजोड झाली ती मार्च २००३ मध्ये. ह्यूस्टनची कथा अधिक केविलवाणी. तेथे २०१२ मध्ये आलेली नवी वाहिनी शहरातील बहुतांश घरांपर्यंत पोहोचलीच नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये ॲस्ट्रोजच्या एका सामन्याची प्रेक्षकसंख्या मोजणीत ०.० अशी नोंदली गेली.

१६/
२००७ मध्ये लीगनेच मोठे पाऊल टाकले. परगावी राहून आपल्या जुन्या शहराच्या संघाचे सामने पाहता यावेत यासाठी 'एक्स्ट्रा इनिंग्ज' हे पॅकेज केबल आणि उपग्रह दोन्हींवर मिळत असे. लीगने ते सात वर्षांसाठी, सुमारे ७० कोटी डॉलरना, एकट्या डायरेकटीव्हीला देण्याचे ठरवले. ज्यांच्या सदनिकेवर डिश बसवता येत नव्हती, त्यांनी काय करावे? सिनेटर जॉन केरी यांनी आवाज उठवला, सिनेट समितीपुढे सुनावणी झाली. एप्रिलमध्ये, मोसम सुरू झाल्यावर, केबल कंपन्यांशीही करार झाला. चाहत्यांची बाजू वरचढ ठरल्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

१७/
लॉस एंजेलिसमध्ये मात्र तसे घडले नाही. २०१३ मध्ये डॉजर्सने टाइम वॉर्नर केबलशी २५ वर्षांचा, ८.३५ अब्ज डॉलरचा करार केला. नवी वाहिनी घरामागे महिना चार डॉलरहून अधिक मागू लागली. डायरेकटीव्ही आणि इतरांनी नकार दिला. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्रीय न्याय विभागाने डायरेकटीव्हीवर दावा लावला. वाटाघाटींची गुप्त माहिती प्रतिस्पर्ध्यांशी वाटून घेतल्याचा आरोप होता. तो दावा पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. डायरेकटीव्हीवर डॉजर्स दिसू लागले ते १ एप्रिल २०२० रोजी.

१८/
या सहा वर्षांत काय गेले, ते पैशांत मोजता येत नाही. १९५८ मध्ये डॉजर्स ब्रुकलिन सोडून आले, तेव्हा कोलिझियमच्या अवाढव्य मैदानात दूर बसलेले प्रेक्षक कानाला ट्रान्झिस्टर लावून विन स्कली यांच्याकडून समोरचाच खेळ समजून घेत. त्या शहराला त्यांनी बेसबॉल शिकवला. त्यांच्या ६७ मोसमांपैकी शेवटचे तीन या तिढ्यात सापडले. अखेरचे मोजके सामने तेवढे केटीएलए या मोफत वाहिनीवर दाखवले गेले. आजोबांनी ऐकलेला आवाज नातवाला ऐकवण्याची संधी असंख्य घरांनी गमावली. ती पुन्हा येणार नव्हती.

१९/
इंटरनेटने हे कोडे सुटायला हवे होते. लीगने २००२ मध्येच पहिला सामना इंटरनेटवर दाखवला होता. पण प्रदेशांच्या सीमा तेथेही आल्या. आयोवा राज्यात मेजर लीगचा एकही संघ नाही. तरीही शिकागोचे दोन, सेंट लुईस, कॅन्सस सिटी, मिनेसोटा आणि मिल्वॉकी अशा सहा संघांच्या प्रदेशांत ते मोडते. वर्षानुवर्षे तेथील वर्गणीदाराला या सहाही संघांचे सामने बंद असत. मैदान शेकडो किलोमीटर दूर असलेल्या माणसावरची ही बंदी तिकीटविक्री राखण्यासाठी नव्हती. ती केवळ वाहिनीला दिलेली हमी राखण्यासाठी होती.

२०/
२०१२ मध्ये काही प्रेक्षकांनी याविरुद्ध दावा लावला. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २०१४ मध्ये म्हटले की, १९२२ ची सवलत प्रक्षेपणाच्या प्रादेशिक करारांना झाकत नाही. जानेवारी २०१६ मध्ये, खटला उभा राहण्याच्या तोंडावर, लीगने तडजोड केली. परगावच्या चाहत्याला एकाच संघाचे स्वस्त पॅकेज मिळाले. स्थानिक ब्लॅकआउट मात्र तसाच राहिला. तडजोड झाल्यामुळे अंतिम निवाडा आलाच नाही.

२१/
दुसरी बाजूही तोलून पाहावी. मेजर लीगच्या एका मोसमात २,४३० सामने होतात. डिझी डीनच्या काळात आठवड्याला एक-दोन सामने दिसत. आज जवळजवळ सर्व सामने चित्रित होतात आणि हा खर्च हक्कांच्या पैशानेच निघतो. खेळाडूंना न्याय्य वाटा मिळाला, तोही त्यातूनच. एकाधिकाराशिवाय इतकी मोठी रक्कम कोणी दिली नसती, हा मालकांचा युक्तिवाद पोकळ नाही. पण एकाधिकाराचे समर्थन म्हणजे ब्लॅकआउटचे समर्थन नव्हे. सामना अधिक चांगला दाखवण्यासाठी पैसे घेणे वेगळे आणि तो कोणालाच दिसू नये यासाठी घेणे वेगळे.

२२/
गोष्ट केवळ दराचीही नाही. १९६१ च्या कायद्यावर सही झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी यँकीजच्या रॉजर मॅरिसने मोसमातील ६१ वा होमरन मारला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये ॲरन जज ६० वर पोहोचला, तेव्हा बॉस्टनविरुद्धचा २३ तारखेचा सामना फक्त ॲपलच्या सेवेवर होता. त्यासाठी शुल्क नव्हते. तरीही आयुष्यभर टीव्हीचे बटण दाबून यँकीज पाहणाऱ्या वृद्धांना ॲप, खाते आणि इंटरनेट यांची वाट पार करायची होती. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी तो 'येस'वरही दाखवावा, अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही.

२३/
दरम्यान, या इमारतीचा पायाच खचू लागला. लोक केबल सोडू लागले, तसे शेजाऱ्यांकडून येणारे पैसे आटले. १४ संघांचे हक्क असलेल्या डायमंड स्पोर्ट्स या कंपनीने मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ३१ मे रोजी सॅन डिएगो पाद्रेसचे प्रक्षेपण लीगने स्वतःकडे घेतले आणि ब्लॅकआउट उठवला. लीगच्याच सांगण्यानुसार सामना पाहू शकणारी घरे सुमारे ११ लाखांवरून ३२ लाखांवर गेली. म्हणजे आधीच्या व्यवस्थेत एका घराला सामना दिसावा म्हणून जवळजवळ दोन घरांचे पडदे काळे ठेवले जात होते.

२४/
दुसरी वाट शक्य होती का? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. २००७ मध्ये, म्हणजे अमेरिकेत 'एक्स्ट्रा इनिंग्ज'चा वाद चालू असतानाच, भारतीय संसदेने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. जाहिरातींच्या उत्पन्नातील किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाचा राहिला. २०१७ च्या निवाड्याने हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या मोफत जाळ्यापुरते मर्यादित केले. कायदा परिपूर्ण नाही. पण हक्क विकत घेणारे या अटीने पळून गेले नाहीत, एवढे त्यातून दिसते.

२५/
इतिहासाचा कौल पुरेसा स्पष्ट आहे. १९२२ चा निवाडा, १९३८ ची मालमत्ता, १९६१ ची सवलत : बेसबॉलचा एकाधिकार समाजाने दिलेल्या या तीन देणग्यांवर उभा आहे. देणाऱ्याला अट घालण्याचा अधिकार असतो. ती अट साधी असावी : कोणत्याही चाहत्याला आपल्या गावच्या संघाचा सामना पाहण्याची किमान एक वाट, वाजवी दरात, सदैव खुली राहिली पाहिजे. वाहिनी आणि केबल कंपनी यांचे भांडण चालू असतानाही. दर कोणी किती घ्यावा हे त्यांनी ठरवावे. पडदा काळा ठेवण्याच्या हमीला मात्र कायद्याचे संरक्षण नसावे.

२६/
संघमालकांच्या हिताचेही तेच आहे. खेळाची गोडी करारपत्रातून लागत नाही. ती दहा-बारा वर्षांच्या वयात, घरात कोणीतरी सामना लावून बसलेले असते म्हणून लागते. १९२० च्या दशकात शिकागोच्या रिग्लींनी हे ओळखले होते. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा २०२० मध्ये सोळा वर्षांचा झाला. चाहता घडण्याच्या वयात त्याच्या घरच्या टीव्हीवर त्याच्याच शहराचा संघ नव्हता.